प्रॉम्प्टरची वही

लिंबय्या चिप्पा किल्लेदार व्हायचा
आणि मी विंगेत, पंचवीसच्या बल्बखाली,
मांडीवर वही घेऊन बसायचो.
साच्यावर बारा तास काढून आलेला माणूस,
कानात अजून धोटा धावत असायचा त्याच्या,
पण पत्र्याचं चिलखत चढलं की
मान अशी वळायची
जशी भुईकोटाच्या खंदकावर घार वळते.

नाटक आमच्याच पाळीतल्या एकानं लिहिलेलं,
हिशेबाच्या वहीत, उलट्या बाजूनं.
गोष्ट एवढीच:
किल्ल्याला वेढा पडलेला नाही.
किल्लेदार म्हणतो, पडलाय.
रोज दिवट्या मोजतो.
एक कमी भरली की तेल्याला कोंडतो,
एक जास्त भरली की
तेल्याच्या भावाला.
रात्री विहिरीत कान घालून म्हणतो,
"खालून खणतायत. मला ऐकू येतंय."
पुढं बसलेल्या विडीवाल्या बाया इतक्या हसायच्या
की एखादीचं पोर दचकून रडायला लागायचं.

चाळीस वर्षं झाली. साचे भंगारात गेले.
लिंबय्याही गेला, छातीत कापूस घेऊन.
अक्षर बरं म्हणून मला
काशीलिंग अण्णांनी कचेरीत ठेवलं,
कन्ना चौकात, जिन्याच्या वर.
भाषणं मी लिहितो. अण्णा वाचतात.

अण्णा चांगला माणूस होता, हे आधी नोंदवतो.
नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं
तेव्हा टँकरपुढं स्वतः चालायचा, चप्पल हातात घेऊन.
चौदाशे मतांनी निवडून आला
आणि त्या दिवसापासून
न मिळालेली मतं मोजत बसला.

ड्रायव्हर तीनदा बदलला.
चहा आधी इरण्णानं प्यायचा, मग घटकाभर थांबायचं.
गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाशेजारचा फोटो,
त्यात कुणाचा खांदा पुढं आला,
आठ दिवस चौकशी.
परवा तर सत्काराचा हार तराजूत घातला.
"मागच्या खेपेला दोन किलो होता.
पाव किलो कुणाकडं गेलं बे?"
कुणी हसलं नाही.
विडीवाल्या बाया नव्हत्या तिथं.

त्याच रात्री अकराला लाइट गेली.
अण्णा मागच्या अंगणात, बोअरच्या पाइपापाशी वाकलेले.
"कोण बोलायलंय बे खाली?"
आणि माझ्या तोंडून, जुनी सवय,
ओठ न हलवता, पुढचं वाक्य सुटलं:
"खालून खणतायत."
अण्णांनी मान वळवली. तशीच.
"खालून खणतायत," म्हणाले,
एक मात्रा न चुकता.
"मला ऐकू येतंय."

हे दुसरं वाक्य मी सांगितलं नव्हतं.

लिंबय्या पडदा पडला की
खोबरेलानं रंग पुसायचा,
त्याच तेलकट बोटांनी कडक भाकरी मोडायचा,
शेंगाचटणीचा लाल हात
चिलखताला पुसायचा आणि विचारायचा,
"आज जास्तच ओरडलो काय की मी?"
अण्णांनी असं कधी विचारलेलं
मी तरी ऐकलं नाही.

घरी येऊन ट्रंक उपसली. वही सापडली.
किल्लेदाराचं शेवटी काय होतं, आठवेना,
आणि शेवटचं पान वाळवीनं नेलंय.
उरलंय ते माझ्याच अक्षरात, कंसात, पुन्हा पुन्हा:
पहारेकरी एकमेकांकडं बघतात. गप्प.
मी मोजले. सतरा वेळा गप्प.
मग मोजत होतो हे लक्षात आलं
आणि वही मिटली.

सकाळी अण्णांना भाषण द्यायचंय.
कागद सरळ केला. मायना घातला.
पहिलं वाक्य आलं ते असं:
वेढा पडलेला नाही.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.
आता दिवा बारीक करून बसलोय,
बोळात कुणाची तरी चप्पल वाजतेय
की मलाच वाटतंय.