प्रोसिडिंग बुक

सहा जण आले होते, दोन पांढऱ्या गाड्यांतून,
ज्या देशाचं नाव मी तीनदा लिहून खोडलं
आणि शेवटी त्यांच्याच हातून लिहून घेतलं.
त्यांची संसद अकरा वर्षांची.
आमची शाळेमागची बोरिंग त्याहून थोरली,
असं दसरूने हिशोब करून सांगितलं,
आणि नागपूरच्या दुभाष्याने ते पुढे नेलं नाही.

'क्षमता' हा शब्द त्यांच्या दर वाक्यात यायचा.
'क्षमता म्हंजे काय जी?' सगुनाबाई कुमरेने विचारलं.
दुभाषा अडला. मग म्हणाला, आवाका.
'असं सांग ना मंग. ढोलीत किती धान मावते, ते.'

समाजमंदिरात सतरंजी, वर पंखा, पंख्याला वीज नाही.
तेंदूपत्त्याचा हिशोब वाचायचा दिवस.
आमच्याकडे तो मोठ्याने वाचतात, ओळ न् ओळ,
आधी मराठीत, मग गोंडीत,
आणि पुडक्यांच्या आकड्याशी कुणी 'थांब जी' म्हटलं
की थांबावंच लागतं.
त्या दिवशी चारदा थांबलो.
एकदा तर सोळा रुपयांसाठी.

त्यांच्यातली एक, लुसेना, अर्थसंकल्प कार्यालयातली,
म्हणाली, आमच्याकडे बजेटचं पुस्तक
मतदानाच्या आदल्या रात्री येतं. चार किलोचं.
सदस्य ते हातात तोलून बघतात
आणि सकाळी हात वर करतात.
कुणी हसलं नाही.
देवसू उसेंडी तंबाखू मळत म्हणाला,
'चार किलो एका रातीत कोनालेच नाही पचत.
वाटून घ्या म्हना. एकानं शाळेचं वाचा, एकानं दवाखान्याचं.'
तिने लिहून घेतलं.
'समित्या,' ती म्हणाली, 'तीन वर्षं तेच मागतोय आम्ही.'

मग तिने पुस्तक मागितलं. माझं.
मी दिलं, खरं तर मिरवत.
लाल कापडी पुठ्ठा, पानापानावर क्रमांक.
तिला मराठी येत नव्हती, म्हणून ती अक्षरं बघत नव्हती,
नुसती पानं बघत होती.
एकशे बाराव्या पानावर बोट थांबलं.

वर काही नाही.
खाली एकोणतीस सह्या, अकरा अंगठे.

एकशे तेरा तसंच. चौदाही.

पावसात नाला भरतो, पलीकडच्या टोल्यातले येऊ शकत नाहीत,
तालुक्याला ठराव तर आजच्या आज लागतो,
ही सगळी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती,
आणि दुभाष्याला ती सहज जमली असती.
तिने विचारलंच नाही.

सगुनाबाईने मात्र पाहिलं.
तिला वाचता येत नाही, पण स्वतःचा अंगठा ओळखता येतो,
डाव्या हाताचा, विळ्याने मधोमध चिरलेला.
'हा माहा आंगठा. वरतं काय लिवलं हाये, सचिव?'
'काही नाही.'
'मंग मी कायले हो म्हटलं?'

दुभाषा गप्प होता.
हे कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत न्यायचं, त्याला कळेना.
लुसेना हळू आवाजात काहीतरी बोलली.
ते त्याने सांगितलं, खाली बघत :
'आमच्याकडे अशा पानांचं एक कपाट आहे.
किल्ली माझ्याजवळ असते.'

तिन्ही पानांवर मी तिरकी रेघ ओढली, सभेसमोर. तारीख घातली.
सगुनाबाईने रेघेवर पुन्हा अंगठा द्यायचं म्हटलं.
शाईचं पॅड सुकलेलं. देवसूने त्यात हंड्यातलं पाणी शिंपडलं,
ठसा फिकट उठला, ओघळला थोडा.

पान एकशे पंधरा.
विषय : पावसाळ्यातल्या सभा नाल्यापलीकडे घेणे.
जागा : तुमरेट्यांची पडवी. तिथे तर पंखाही नाही.
सूचक सगुनाबाई कुमरे, अनुमोदक देवसू उसेंडी.
हात मोजले. त्रेचाळीस.

मागच्या रांगेत पाहुणीचाही हात वर होता.
तो नियमात बसत नाही. मी धरला नाही.
समासात तेवढं पेन्सिलीने लिहिलं आहे,
एक हात जास्त.