यासाई

इदवल प्रॉथेरो कार्डिफला जाऊन आला
दोन शनिवार, एकदाच, त्र्याहत्तर साली.
येताना पगाराच्या चिठ्ठीमागं पेन्सिलीनं
अठरा जपानी शब्द उतरवून आणले
आणि चिठ्ठी ठेवली जेवणाच्या डब्यात.
खाणीत डबा घामेजला. शब्दही.
काहींची शेपटं गेली. ती त्यानं
रात्री स्वैपाकघरात बसून, अंदाजानं, परत लावली.

तेरा वर्षं, दर गुरुवारी,
कुमहेलिगच्या कामगार हॉलमध्ये
आम्ही त्या शब्दांवर उठलो, बसलो, वळलो.
घाम निथळत असताना तो ओरडायचा, "यासाई!"
आणि आम्ही तीस जण खांदे सोडून
पाय फाकवून उभे, दम खात.
खाण संपावर होती ते वर्षभर
त्याच हॉलमध्ये सगळ्या गल्लीचं सूप शिजायचं.
तेव्हाही गुरुवार चुकला नाही.
पातेली भिंतीकडे सरकवायची, वास तिथंच.
यासाई! आणि रिकामी पोटं सैल.

मग खाण बंदच झाली.
दरीच्या तोंडाशी टीव्हीचा जपानी कारखाना होता,
तिथल्या इंजिनिअरची बायको, कुवाहाराबाई,
एका गुरुवारी पोराला घेऊन आली.
ताकुमा, वय आठ, पोशाख नवाकोरा, कडक.
"यासाई!"
पोरगं आधी इकडेतिकडे बघू लागलं,
मग ओंजळीत तोंड घालून हसत सुटलं.
बाईंनी दटावलं, आणि त्यांनाही आवरेना.

भाजीपाला.
तेरा वर्षं आम्ही भाजीपाला या हुकमावर
विसावत होतो. हवं होतं यासुमे.

इदवल हसला, सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं.
कान मात्र लाल. घडीवर फाटलेली चिठ्ठी काढून
म्हणाला, बाई, एकदाचं सगळंच तपासा.

बाईंना कराटे येत नव्हतं. शब्द येत होते.
बोट खाली सरकत गेलं, 'उके'पाशी थांबलं.
समोर त्यानं लिहिलं होतं, अडव.
तसंच शिकवलंही होतं, मनगटं सुजेस्तोवर.
अडव नाही, त्या म्हणाल्या. घे.
पाहुण्याच्या हातची पिशवी घेतात तसं.
कारखान्याच्या दाराशी मुलगी बसते ना,
येणाऱ्याचं नाव लिहून घेणारी,
तिच्या मेजावरच्या पाटीतही हाच शब्द आहे.

कुणी बोललं नाही.
त्या मेजासमोर आमच्यातले निम्मे उभे राहून आले होते.
इदवल दोनदा. वय विचारलं, बावन्न.
बाईंना ते कुठून ठाऊक असणार.

एका अक्षरानं ध चा मा होतो म्हणतात.
आमच्याकडे उलटं झालं.
मारावे म्हणून घोकलेलं धरावे निघालं,
आणि धरायचं कसं, ते कुणी शिकवलंच नव्हतं.

इदवलनं हात डोक्यावर उचलला, नेहमीसारखा,
आणि तिथंच ठेवला. मनगटावर कोळशाचा निळा व्रण.
ग्विलिमला म्हणाला, मार. हळू नको.
ठोसा आला.
काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही.
आवाज झाला नाही एवढं खरं.

पुढच्या आठवड्यात नवा तक्ता लागला, बाईंच्या अक्षरात.
जिभेला तक्ता दिसत नाही.
"यासाई!" आणि ताकुमाही आता
न हसता सैल उभा राहायचा.

ऑक्टोबरात कुवाहारांच्या पायरीवर
कुणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन लीक ठेवून गेलं,
कांद्याचे उंच पांढरे भाऊबंद,
बाळाच्या दंडाएवढे जाड, मुळांना माती तशीच.
वर चिठ्ठी, पेन्सिलीनं, एकच शब्द.
या वेळी शेपूट बरोबर होतं.