नावावर एक तळं

सरकारी पाकीट आलं फेब्रुवारीत. आत नकाशा
आणि सही-शिक्क्याचा कागद:
सस्कॅचवानच्या उत्तरेला, जिथं रस्ता जात नाही,
तिथल्या एका तळ्याला यापुढे
पिलिपचूक तळं म्हणावं.

माझ्या भावाच्या नावावर तोवर काही नव्हतं.
एक माउथ ऑर्गन होता, तोही अर्धा माझा.
जमीन बाबांची, घोडी बँकेची,
बूट आधी काकाचे.

आमच्या गव्हाच्या मुलखात पाणी म्हणजे
साठ हात खोल विहीर, गंजाच्या चवीची.
शनिवारी चुलीपुढं पत्र्याचा टब.
आधी मी, मग मारुस्या, मग आई, मग बाबा,
आणि सगळ्यांत शेवटी नेस्टर,
कारण गोठ्यातून तोच शेवटी यायचा.
"आज बोर्श्ट पातळ झालंय," म्हणायचा,
आणि त्या गढूळ पाण्यात
गुडघे पोटाशी घेऊन बसायचा.
पोहणं त्याला आलं नाही. शिकणार कुठं?

त्याला यायचं तार जोडणं.
कुंपणाची काटेरी तार, बर्फाच्या ओझ्यानं तुटलेली.
दातांत खिळे, हातमोज्याला भोकं,
पीळ देताना डोळे बारीक.
सैन्यानं विचारलं, काय येतं? त्यानं तेच सांगितलं.
त्यांनी त्याच्या पाठीवर टेलिफोनच्या तारेचं रीळ दिलं.

जहाजावरून पत्र: "समुद्र पाहिला.
बाबांना सांग, एवढ्या मोठ्या रानाला कुंपण नाही."
पुढची पत्रं कात्री लागलेली,
गावाचं नाव असेल तिथं चौकोनी खिडकी.
मी खिडकीतून मारुस्याकडं बघायचे,
ती पलीकडून जीभ दाखवायची.
इटलीतून शेवटचं: "ऑलिव्हची झाडं रागावलेल्या म्हाताऱ्यांसारखी.
चिखल मात्र थेट घरचा.
दिवसातून वीस वेळा तार तुटते.
वीस वेळा जातो."

जानेवारीत आली ती वेगळी तार,
स्टेशनमास्तरच्या हातात.
आईला इंग्रजी येत नव्हतं. मी अकरा वर्षांची.
'कामगिरीवर असताना' हे मला आमच्या भाषेत नीट सांगता येईना,
मी म्हटलं, काम करताना मेला.
आई पावाचं पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.
"कसलं काम? विचार त्याला."
तो टोपी हातात फिरवत उभा. त्याला काय माहीत.

पुढची चोवीस वर्षं ती विचारत राहिली,
पाद्रीला, पोस्टात, एकदा धार काढताना गायीला.

उत्तर आलं ती गेल्यावर,
ओंटारिओतून, कुणा मॅकइल्रॉयचं:
"ओढ्याकाठी तार तुटली होती.
एक टोक हातात घेऊन तो दुसरं शोधत होता.
नंतर ते मी जोडलं.
लिहायला उशीर केला.
त्याचा एक डॉलर माझ्याकडं उसना होता."
पाकिटात तो डॉलर. कोरा करकरीत.

मागच्या उन्हाळ्यात गेले.
पाण्यावर उतरणारं छोटं विमान,
वैमानिक हॅल्केट, क्री माणूस.
विचारलं, याला आधीचं नाव असेल ना?
त्यानं दोनदा उच्चारलं. माझ्या तोंडात बसेना.
"मासे उशिरा उठतात ते पाणी, असं काहीतरी."
राग येतो का, या नव्या नावाचा?
त्यानं दोरी खडकाला बांधली, मग म्हणाला,
"आजी अजून जुनंच म्हणते.
तळं कुठल्याच नावाला ओ देत नाही."

मी बूट काढले, मोजे काढले,
पाय पाण्यात सोडणार तोच मागे घेतले.
तळाचे दगड दिसत होते, एकेक.
गंज नाही. साबण नाही. कुणी उतरलेलं नाही.
नेस्टर, आज आधी तू.

हॅल्केट आभाळाकडं बघत होता.
"वारा फिरतोय, निघायला हवं."
मी म्हटलं, थांब जरा,
त्याला पाय पसरू दे.