तोल

तबास्कीला अकरा दिवस. साँ-लुईच्या गल्लीत
शिवणमशिनींना रात्रीची झोप नाही.
यांदेनं कापड फळीवर ठेवलं.
"डावीकडचं काढलं डॉक्टरांनी," म्हणाली.
एवढंच.

मी शाळेतून शिकून आलेला.
मधोमध खडूची रेघ मारली,
डाव्या अंगाला कापूस भरायचा,
दोन्ही बाजू सारख्या, झालं.

मागेत उस्तादांनी रेघ तळव्यानं पुसली.
"मासळीबाजारात बघतोस ना,
हातभर माशाला
मूठभर लोखंड तोलतं.
माशासमोर मासा कोण ठेवतो?"

मग कापड फिरवत राहिले,
चहाची तिसरी फेरी निवेपर्यंत.
छापातला पिवळा पक्षी
पोटावर नको,
कमरेवर तर नकोच,
पंख पसरून डाव्या छातीवर उतरला.
उजवी बाजू नुसती निळी,
आणि गळ्यापासून तिरकी
एक बारीक किनार,
नजरेला वाट चुकू नये म्हणून.

सणाच्या आदल्या संध्याकाळी
यांदे आरशासमोर उभी.
बराच वेळ.
मी टाचण्या मोजत राहिलो.

"बाही बोटभर लांब झालीय,"
ती कुरकुरली.

उस्ताद हसले,
कात्री माझ्याकडे सरकवली.