जागा खरी पाहिजे

पहिला नियम नियाजनं घातला,
मार्केट यार्डातल्या झेरॉक्सच्या दुकानात,
भडंगाचा पुडा फोडत:
माणसं खोटी चालतील, जागा खरी पाहिजे.
मनानं बोळ काढायचा नाही.
राजवाडा चौकातनं टिळक चौकात जायला
चालत जेवढा वेळ लागतो
तेवढा गोष्टीतही लागलाच पाहिजे.

दुसरा नियम सन्मतीचा:
दुसऱ्याच्या माणसाला हलवायचं नाही.
गोळी झाडा खुशाल.
लागली का, ते तोच लिहील.

हळदीच्या पेढीवरनं कोरी खतावणी मी आणली,
लाल कापडी पाठीची.
चार दिवस एकाकडं, चार दिवस दुसऱ्याकडं.
माझी बाई नदीखालचे दिवे सांभाळायची.
पद्मजाचा, तुरुंगातनं सुटलेला नट.
सन्मतीचा दलाल,
ज्यानं हरिपूरच्या पेवांत
हळदीऐवजी आवाज साठवले होते, क्विंटलनं.
नियाजला दोन पात्रं लागायची. दोन्ही पोलीस.

दोन वर्षांत शहराला अस्तर लागलं.
खऱ्या बँकेत खरा चेक भरायला जायचे
आणि पायरीवर थबकायचे,
इथंच तर नट रक्ताळून पडलेला,
आणि शिपाई त्याच्यावरनं चहा घेऊन चाललेला.
गणपतीमागच्या घाटावर
भलतीच माणसं बसलेली दिसली की राग यायचा.
पद्मजा एकदा आमराईतल्या एका बाकाला
सॉरी म्हणून आली.
कशाबद्दल, ते तिनं खतावणीतही लिहिलं नाही.

मग सन्मतीला भोसरीत नोकरी लागली.
जाताना घाईत, बॉलपेनानं:
दलाल आयर्विन पुलावर आला, तिसऱ्या कमानीवर थांबला,
पाण्याकडं बघत

पुढं टिंबसुद्धा नाही.

आम्ही पानं उलटत गेलो.
नटाचं लग्न झालं. एका पोलिसाची मिरजेला बदली.
दलाल पुलावर.
स्कूटरवरनं जाताना तिसऱ्या कमानीला
मी जरा उजवीकडं घ्यायचे.
मागचा हॉर्न मारायचा. मारू दे.

ऑगस्टात कोयनेतनं पाणी सोडलं.
सकाळी पस्तीस फूट, दुपारी अडतीस.
खतावणी माझ्याकडं होती,
माळ्यावर, तांदळाच्या डब्याशेजारी.
जागा खरी म्हटल्यावर पाणीही खरंच.
नियाजचा फोन:
"काढूया की त्याला तिथनं. एकच ओळ.
दलाल घरी गेला. कोण बघायला येतंय?"
बेचाळीस.
खाली टेम्पोत गाद्या चढत होत्या,
गाद्यांवर शेळी,
आणि आम्ही कागदावरच्या माणसावरनं भांडत होतो.
लाज वाटत होती.
तरी भांडत होतो.

शेवटी माझ्या बाईला उठवलं.
तिला हलवायचा हक्क माझा.
टॉर्चच्या उजेडात लिहिलं:
ती कंदील घेऊन पुलावर गेली.
(पोलिसांनी अडवलं का, ते नियाजनं बघावं.)
त्याच्या शेजारी कठड्याला टेकली.
कंदील दोघांच्या मध्ये ठेवला.
बोलली नाही.
बोलली असती
तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

रात्री अकराला भोसरीहून फोन.
आधी घरचं विचारलं. जिना, सिलेंडर, आईच्या गोळ्या.
मग, बाहेर गेलेला प्रत्येक सांगलीकर विचारतो तसं,
"आयर्विनला किती?"
"साडेत्रेचाळीस. तासभर तेवढंच आहे."
मग बराच वेळ
त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत राहिला.

"आणि तो?"
"आहे. सोबत आहे त्याला."
"भिजला असेल," म्हणाला. "लिही तसं. माझ्या वतीनं लिही."
"नियम तुझा आहे, सन्मती."

पंखा.

"पाणी उतरू दे," म्हणाला.