रकाना सातवा

शारजा, इंडस्ट्रियल एरिया अकरा,
टायरच्या गोदामामागे आमचं शेड.
मालकाला जुन्या अमेरिकन लष्करी विमानांचा छंद आहे.
मला पगार आहे.

वहीत सात रकाने. सहा सोपे:
क्रमांक, कारखाना, इंजिन, तळ, वैमानिक, तारीख.
सातवा: पुढे काय झालं.

४११. टेक्सस. वारा होता. गुरांच्या कुंपणात.
४१७. मोडीत. घेतलं त्याने जत्रेजत्रेतून
माणशी पाच डॉलरला आकाश विकलं,
मग तोही नाही, तेही नाही.
४२२. पेटवून दिलं. जागा हवी होती.
४२९. पंख कोंबड्यांवर छप्पर म्हणून, अकरा हिवाळे.
४३६.

आणि हा डावीकडचा खालचा पंख,
जेबेल अलीला कंटेनरमधून उतरला
कागदोपत्री 'फर्निचर' होऊन.
नंबर खरवडलेला.
वर्गीस म्हणतो, चारशे छत्तीसच.
मी म्हणतो, तुला हवं म्हणून.

इंजिनातलं कळतं ते वर्गीसला.
मी इचलकरंजीचा, कोष्ट्याच्या घरचा;
मला कापड कळतं.
भिंग लावून मोजलं: इंचाला ऐंशी धागे,
सुती, उभा तसाच आडवा.
वडील असते तर चिमटीत धरून म्हणाले असते,
माल चोख आहे, पण हे धोतर नेसणार कोण?

जुनं कापड सोडवलं तेव्हा
पाचव्या फासळीवर, वार्निशात,
एक अंगठा निघाला. अख्खा.
मधोमध चीर, पटाशी लागल्याची.
गुलबादशाहने आपला अंगठा शेजारी धरला,
त्याचीही चीर तिथेच.
हसला नाही. रंधा पुसत बसला.

मार्चमध्ये तो गेला.
ऑफिसातल्या फाइलीत त्याच्या नावापुढे
एकच शब्द: रद्द.
फोन लागत नाही.
रंधा इथेच आहे, धार लावलेला.

दुपारी जेवायला जातो तो रस्ता
पूर्वी धावपट्टी होता म्हणे.
आता बँका, ज्यूसवाले, मोबाइलची दुकानं.
सिग्नलला उभं राहिलं
की रस्ता जरा जास्तच सरळ वाटतो.

काल सगळे गेल्यावर
४३६ पुढे लिहिलं:
'शारजा. शिवण चालू.'
पेन्सिलीने.
मालक शाई मागतो.
बघू.