भागाकार

कुलसचिवांचं पत्र आलं: सर्व विभागांसाठी एकच सूत्र करून द्यावे,
मुदत शुक्रवार, सायंकाळी पाच.
मी संख्याशास्त्राचा, म्हणून माझ्याकडे.
मे महिना. कूलरचा पंप जळालेला,
पंखा तेवढा फिरतो, नुसता आवाज करत,
आमच्यापैकी काहींसारखा.

पहिली ओळ रसायनशास्त्राची.
प्रा. खुशाल बोपचे: निबंध दोनशे बारा, एच-निर्देशांक चव्वेचाळीस.
एकेका निबंधावर अकरा-अकरा नावं,
लग्नपत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांची असतात तशी.
पण रात्री नऊलाही त्यांच्या प्रयोगशाळेत दिवा असतो
आणि दिव्याला रकाना नाही.

गणिताचे काझी सर: निबंध तीन.
मधल्या एकाला सहा वर्षं लागली.
तक्त्यात ती सहाही कोरी.
त्या वर्षांत अंबाझरीच्या बांधावर सकाळी चालता चालता
ते मध्येच थांबायचे,
मागून येणारे त्यांना वळसा घालून जायचे.

'हे एच म्हंजे काय जी?' शिपाई डोमाजीनं विचारलं.
म्हटलं, समज, दहा घरं अशी
की प्रत्येक घरी तुला दहादा तरी चहा मिळाला,
तर तुझा एच दहा.
तो बोटं मोजत बसला.
'अन् एकाच घरी हजारदा जेवलो, त्याचं?'
त्याचा एकच.
'मंग राहू द्या,' म्हणाला, आणि कप उचलून गेला.

तरी सूत्र जमलं.
ज्याची जेवढी दखल, तिला त्याच्या विषयाच्या सरासरीनं भागायचं.
रसायनात सरासरी अठरा, गणितात अडीच,
म्हणजे काझींचे पाच, बोपचेंच्या छत्तिसांच्या बरोबर.
एक अख्खी दुपार मला न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं.

मग मराठी विभाग.
डॉ. इंदुमती हेडाऊ. ग्रंथ एक:
कोष्ट्यांच्या मागावरच्या शब्दांचा कोश, सत्तावीस वर्षांचं काम.
दखल: शून्य.
विषयाची सरासरी: तीही शून्य.
कारण ज्या यादीतून दखल मोजतात
त्या यादीला हा विषयच माहीत नाही.
पडद्यावर लाल अक्षरं आली.
शून्यानं भागता येत नाही, हे मी दरवर्षी
बी.एस्सी.च्या पोरांना सांगतो,
पण शून्याच्या जागी कधी ओळखीचं माणूस नव्हतं.

गुरुवारी पंप दुरुस्तीला गोळीबार चौकात गेलो.
दुरुस्ती करणारा श्रावण पौनीकर; दुकान म्हणजे घराची पुढची खोली,
मागच्या खोलीत मागाचा खड्डा,
त्यावर फळ्या टाकून गॅसची टाकी ठेवलेली.
भिंतीला खिळा, खिळ्याला सुतळी,
सुतळीला हेडाऊ बाईंचा कोश, झेरॉक्स केलेला,
कडांना तेलाचे डाग.
'बाबा वाचते,' श्रावण म्हणाला.
पान एकतीस: पांजणी, म्हणजे ताण्याला खळ लावणे.
खाली पेन्सिलनं, थरथरत्या अक्षरात:
चूक. खळ लावली म्हणजे पांजण झाली नाही.
ऊन धरावं लागते.
खाटेवरून लहानूजी बोलले,
'बाईले सांगा जी. बाकी पुस्तक बरं आहे,
पण ते पान सुधरवा म्हना.'

शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी
मी त्या ओळीत 'लागू नाही' लिहिलं.
संगणकानं ते चटकन घेतलं.
याची मला लाज वाटली, हेही इथं नोंदवतो,
कुठे मोजलं जाणार नाही तरी.

मग मराठी विभागाचा जिना चढलो.
बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या, ओला रुमाल मानेवर.
म्हटलं, पान एकतीस चुकलंय.
लाल पेन हवेत थांबलं.
'कोण म्हणालं?'
मी सांगितलं, उन्हासकट.
त्या इतक्या पटकन उठल्या की गठ्ठा घसरून खाली पसरला.
'अरे, बरोबर आहे त्यांचं!' म्हणाल्या,
आणि पायात एकच चप्पल असताना
दुसरी टेबलाखाली शोधत,
'घर कुठे म्हणालात? गोळीबार चौकाच्या अलीकडे की पलीकडे?'